आधी कोर्ट कुठलं ते विचारा: टेक्सासमधल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

प्रति,
ह्यूस्टन, डॅलस-फोर्ट वर्थ, ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो परिसरातल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींना,

सप्रेम नमस्कार.

मी वकील नाही, हे आधीच सांगून टाकते. टेक्सासमधल्या एका काउंटीत डिस्ट्रिक्ट क्लार्कच्या ऑफिसात १९ वर्षं काउंटरमागे बसले आणि नुकतीच निवृत्त झाले. आपल्या भाषेत कोर्टातली कारकून. माझे वडीलही कारकूनच. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टाच्या आवारात, एका वकिलांच्या टेबलाला लागून त्यांची खुर्ची असायची. पक्षकार आला आणि भांडण सांगायला लागला की ते हात वर करायचे. "थांबा. जमीन कुठल्या गावची? किंमत किती? ताबा कुणाकडं? भांडण मग सांगा." तेव्हा मला हा माणूस फारच कोरडा वाटायचा. काउंटरमागे पहिलं वर्ष काढलं आणि त्यांचं म्हणणं कळलं.

हे पत्र लिहायला निमित्त झालं गणपतीतल्या एका फॉरवर्डचं. कुठल्या मंडळाच्या ग्रुपवर आला ते महत्त्वाचं नाही, चारपाच ग्रुपवर तोच होता. मजकूर असा, की घरमालकानं डिपॉझिट दिलं नाही तर थेट डिस्ट्रिक्ट कोर्टात जा, छोट्या कोर्टात कुणी ऐकून घेत नाही, आणि तिथली मर्यादा १२,५०० डॉलर आहे. खाली हात जोडल्याची चिन्हं आणि 'जनहितार्थ'. १२,५०० चा आकडा कॅलिफोर्नियाचा. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२० पासून तो २०,००० आहे. पण आकड्याची चूक मी पोटात घातली असती. 'थेट डिस्ट्रिक्ट कोर्टात जा' हे वाचून मात्र राहवेना, कारण त्या एका वाक्यापायी माझ्या खिडकीशी येऊन रडवेली झालेली माणसं मी पाहिली आहेत.

त्यातलाच एक मुलगा. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात रिकाम्या अपार्टमेंटचे रंगीत फोटो, ओव्हन आतून घासल्याचासुद्धा फोटो. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून एकदम मराठीत म्हणाला, "काकू, केस टाकायची आहे." रक्कम १,६५० डॉलर. डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा दाखल करायची फी साडेतीनशे डॉलरच्या घरात, वर समन्स बजावण्याचा खर्च. हाच दावा जस्टिस ऑफ द पीसच्या कोर्टात, म्हणजे फॉरवर्डमधल्या त्या 'छोट्या' जस्टिस कोर्टात, ५४ डॉलरमध्ये दाखल होतो. पण आम्हा क्लार्क लोकांवर एक बंधन असतं: माहिती देता येते, सल्ला देता येत नाही. "तू इथं टाकू नकोस" असं मी म्हणू शकत नव्हते. फीचा छापील तक्ता त्याच्यापुढे सरकवला, जस्टिस कोर्टाच्या रांगेवर बोट ठेवलं आणि गप्प बसले. मग काउंटीच्या लॉ लायब्ररीचा रस्ता सांगितला.

पुढं सातआठ महिन्यांनी हाच मुलगा बाळाच्या पासपोर्टच्या अर्जासाठी पुन्हा आमच्याच ऑफिसात. (पासपोर्टचे अर्ज घेण्याचं कामही इथे बरेच डिस्ट्रिक्ट क्लार्क करतात, त्यामुळे आमच्याकडे कागदांची भेळ असते.) म्हणाला, कोर्टात जावंच लागलं नाही. लॉ लायब्ररीत कळलं की त्यानं नवा पत्ता घरमालकाला लेखी कळवलाच नव्हता. टेक्सासच्या कायद्यानं घर सोडल्यावर ३० दिवसांत डिपॉझिट परत द्यावं लागतं, पण भाडेकरूनं नवा पत्ता लेखी दिल्याशिवाय घरमालकावर ते बंधन लागत नाही. त्यानं पत्र पाठवलं आणि चेक आला. मुद्दाम अडवून ठेवलं असतं तर अडवलेल्या रकमेच्या तिप्पट, वर १०० डॉलर आणि वकिलाची फी असा भुर्दंड घरमालकावर बसला असता. हे सगळं त्या 'कुणी ऐकून घेत नाही' अशा छोट्या कोर्टातच मिळतं.

आता आपली गफलत कुठे होते ते सांगते. आपण 'डिस्ट्रिक्ट' ऐकतो आणि डोळ्यांपुढे जिल्हा न्यायालय उभं राहतं: तालुक्याच्या वर, हायकोर्टाच्या खाली. मग 'काउंटी' म्हणजे काय, तर तालुका असावा. झालं, उतरंड तयार. आणि उतरंड म्हटली की आपला स्वभाव वरच्या मडक्यात हात घालण्याचा.

इथं जिल्ह्यासारखी आहे ती काउंटी. टेक्सासात अशा २५४ आहेत. २०२० च्या जनगणनेत लव्हिंग काउंटीत ६४ माणसं होती आणि हॅरिस काउंटीत ४७ लाखांवर. डिस्ट्रिक्ट म्हणजे निव्वळ न्यायालयीन हद्द, आणि तिला गावाचं नाव नसून नंबर असतो. विरळ वस्तीच्या भागात एकच डिस्ट्रिक्ट जज तीनचार काउंट्यांत फिरतो. दाट वस्तीत उलटं, एकाच काउंटीवर डझनावारी डिस्ट्रिक्ट कोर्टं. फोर्ट बेंडमध्ये २४० वं, २६८ वं, ४०० वं अशी कोर्टं एकाच इमारतीत आहेत आणि सगळ्यांची हद्द तीच. नंबर मोठा म्हणून कोर्ट मोठं नाही. नंतर स्थापन झालं, इतकंच.

'काउंटी जज' हा आणखी एक चकवा. फोर्ट बेंडमध्ये २०१८ साली केरळात जन्मलेले के. पी. जॉर्ज काउंटी जज म्हणून निवडून आले आणि त्याच निवडणुकीत ज्युली मॅथ्यू काउंटी कोर्ट अ‍ॅट लॉ नंबर ३ च्या न्यायाधीश झाल्या. दोघांच्या पदात 'काउंटी' आणि 'जज' आहे. पण मोठ्या काउंटीतला काउंटी जज खटले चालवत नाही. बजेट, रस्ते, पूर आला की लोकांना घर सोडायचे आदेश, ही त्याची कामं. आपल्या जिल्हाधिकाऱ्याची आणि जिल्हा परिषद अध्यक्षाची सरमिसळ म्हणा, फक्त निवडून आलेली. त्याला कायद्याची पदवी लागत नाही. राज्यघटनेची अपेक्षा एवढीच की त्याला राज्याच्या कायद्याची चांगली जाण असावी. लहान काउंटीत मात्र हाच माणूस खरोखर कोर्टात बसतो आणि किरकोळ गुन्हे, मृत्युपत्रं वगैरे बघतो. काउंटी कोर्ट अ‍ॅट लॉचा न्यायाधीश वकीलच लागतो आणि दिवसभर खटलेच चालवतो. त्यामुळे "काउंटी जजना भेटून केसचं सांगू का?" असा प्रश्न कुणी विचारला तर आधी कुठली काउंटी ते विचारा. तसं कुठल्याच जजला भेटून केसचं सांगायचं नसतं, पण तो विषय वेगळा.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५ सांगतं की दावा चालवू शकेल अशा सर्वांत खालच्या न्यायालयातच दावा दाखल करायचा. टेक्सासमध्ये असा नियम नाही. इथं कोर्टांचे अधिकार छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढलेले आहेत. एकाच भांडणाला दोन, कधी तीन दारं उघडी असतात आणि कुठल्या दारानं आत जायचं ते फिर्यादी ठरवतो.

छपराचंच उदाहरण घेऊ. गारांनी छप्पर फुटलं, ठेकेदारानं १५,००० डॉलर आगाऊ घेतले आणि तो गायब झाला. हा दावा जस्टिस कोर्टात चालतो, कारण तिथली मर्यादा २०,०००. काउंटी कोर्ट अ‍ॅट लॉमध्येही चालतो, कारण तिथं साधारणपणे अडीच लाखांपर्यंतचे दावे घेतात. आणि डिस्ट्रिक्ट कोर्टात तर चालतोच. तिन्ही ठिकाणी कायदा एकच, करार तोच, ठेकेदारही तोच. बदलतं ते बाकीचं. जस्टिस कोर्टात पुराव्याच्या नियमांचा काच नाही, न्यायाधीश स्वतः प्रश्न विचारून काढून घेतो, वकिलाशिवाय उभं राहणारे निम्म्याहून जास्त असतील. ज्युरी मागितली तर सहा जणांची. डिस्ट्रिक्ट कोर्टात बारा जणांची, आणि तिथपर्यंत पोचायच्या आधी कागदपत्रांची मागणी, लेखी प्रश्नोत्तरं, तारखा.

मग जस्टिस कोर्टच बरं? बहुतेकदा हो, पण त्यालाही एक काटा आहे. तिथं हरलेला पक्ष २१ दिवसांत अपील करू शकतो, आणि ते अपील काउंटीच्या कोर्टात अगदी पहिल्यापासून चालतं. जणू खालची सुनावणी झालीच नाही. तुम्ही फोटो लावून, साक्षीदार आणून जिंकलात, तरी समोरचा हट्टी असेल तर तेच फोटो आणि तेच साक्षीदार घेऊन परत उभं राहायचं. शिवाय त्या २०,००० मध्ये वकिलाची फी धरली जाते, काउंटी कोर्टाच्या अडीच लाखांत ती धरली जात नाही. १८,००० चा दावा आणि ४,००० वकिलाची फी, तर जस्टिस कोर्टाचं दार बंद. असले बारकावे आधी पाहायचे असतात, दावा टाकल्यावर नव्हे.

चुकून भलत्याच कोर्टात गेलात तर? अधिकार नाही म्हणून दावा निघून जातो, आणि तो जायला कधी वर्ष लागतं. तेवढ्यात मुदत उलटली तर काय, म्हणून कायद्यानं ६० दिवसांची फट ठेवली आहे: निकाल अंतिम झाल्यापासून त्या मुदतीत योग्य कोर्टात गेलात तर मधला काळ धरत नाहीत. भारतातल्या मुदतीच्या कायद्याच्या कलम १४ चा चुलतभाऊ. पण जाणूनबुजून चुकीच्या कोर्टात गेलेल्याला ती सवलत नाही. 'मोठ्या कोर्टात दबाव पडतो' म्हणून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बरं, अडीच लाखांचा आकडा तरी सगळीकडे सारखा असेल? छे. डॅलस काउंटीतल्या काउंटी कोर्ट्स अ‍ॅट लॉना दिवाणी दाव्यांत रकमेची मर्यादाच नाही, तिथं ती डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या खांद्याला खांदा लावून चालतात. हॅरिसमध्ये मर्यादा आहे, आणि रस्तारुंदीसाठी सरकारनं जमीन घेतली तर त्या मर्यादेतला खटला तिथं काउंटीच्या दिवाणी कोर्टातच जातो. रक्कम मर्यादेच्या वर असेल तर तो डिस्ट्रिक्ट कोर्टातही टाकता येतो. त्याआधी न्यायाधीश काउंटीतल्या तीन त्रयस्थ घरमालक-जमीनमालकांना नेमतो आणि ते भरपाईचा पहिला आकडा ठरवतात. ह्यूस्टनच्या आसपास हायवे रुंद होणं कधी थांबलेलं नाही. आपल्यापैकी कुणाच्या दुकानासमोरची पट्टी जाणार असेल तर हे माहीत हवं, नाहीतर 'छोट्या कोर्टातून आलंय' म्हणून ते पाकीट फ्रिजवर चिकटून राहतं.

असं का झालं? १८७६ ची राज्यघटना लिहिणाऱ्यांचा वरच्या सत्तेवर विश्वास नव्हता. कोर्ट हवं तर गावाजवळ, घोड्यावरून जाता येईल असं, आणि न्यायाधीश आपण निवडलेला. म्हणून प्रत्येक काउंटीला एक काउंटी कोर्ट. पुढं शहरं फुगली, एका काउंटी जजला ते झेपेना, तेव्हा विधिमंडळानं एकेका काउंटीसाठी वेगळा कायदा करून काउंटी कोर्ट्स अ‍ॅट लॉ जोडली. कुणाला कौटुंबिक खटले दिले, कुणाला नाही, कुणाची मर्यादा काढली. वाडा तोच, प्रत्येक पिढीनं एक पडवी काढली, म्हणून आता माजघरात जायला तीन वाटा. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानंच १९९६ च्या एका निकालात या रचनेला 'बायझंटाईन' म्हटलं होतं, म्हणजे गुंतागुंतीचा कळस. पडव्या अजून निघतातच आहेत. मोठ्या व्यापारी तंट्यांसाठी १ सप्टेंबर २०२४ पासून बिझनेस कोर्ट सुरू झालं. ह्यूस्टनमध्ये तर पहिलं आणि चौदावं अशी दोन अपील न्यायालयं आहेत, दोघांची हद्द एकच, बसतातही एकाच जुन्या १९१० च्या कोर्टाच्या इमारतीत, आणि अपील कुणाकडे जाईल ते नशिबावर. तिथवर जायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

पैशाचं सोडा. माझ्या खिडकीशी जे सर्वांत जड वाटायचं ते घरातल्या भांडणाचं. कुणाची ओळख पटेल असं काही लिहीत नाही, पण समजा, नवराबायकोत मारहाण झाली आणि पोलिसांनी नवऱ्याला नेलं. साधी दुखापत असेल तर पहिल्या वेळेला तो बहुधा क्लास ए चा गुन्हा, शिक्षा एक वर्षापर्यंत आणि दंड ४,००० डॉलरपर्यंत, खटला काउंटीच्या फौजदारी कोर्टात. गळा दाबल्याचा आरोप असेल तर तो गंभीर गुन्हा होतो आणि डिस्ट्रिक्ट कोर्टात जातो. घटस्फोटाचा अर्ज डिस्ट्रिक्ट कोर्टात, काही काउंट्यांत काउंटी कोर्ट अ‍ॅट लॉमध्येही. भाडं थकलं तर घर रिकामं करून घेण्याचा दावा जस्टिस कोर्टात. एक घर, एक रात्र आणि तीन कोर्टं, तिघांच्या तारखा वेगळ्या, तिघांचे क्लार्क वेगळे, आणि कुणीही दुसऱ्याचा निरोप देत नाही. एका कोर्टानं मुलांना भेटायची वेळ ठरवून दिली म्हणून दुसऱ्या कोर्टाची 'घरापासून लांब राहा' ही अट आपोआप सुटत नाही. "पण त्या जजनी तर परवानगी दिली होती" असं म्हणत बेड्या पडलेला माणूस मी पाहिलाय.

अशा वेळी मंडळातले ज्येष्ठ मध्यस्थी करायला जातात. हेतू चांगला असतो. पण बाईंना "केस मागे घ्या" सांगताना त्यांना हे ठाऊक नसतं की फौजदारी खटला तिचा नाहीच, तो टेक्सास राज्याचा आहे. घटस्फोटाचा अर्ज ती मागे घेऊ शकते. मारहाणीचा खटला मागे घेणं तिच्या हातात नाही, ते सरकारी वकिलाच्या हातात. आणि उगाच दबाव आणला तर मध्यस्थच अडचणीत येतो.

घर रिकामं करण्याच्या दाव्याबद्दल दोन ओळी, कारण तिथं आपली मंडळी सर्रास झोपतात. 'जस्टिस ऑफ द पीस' हे नाव ऐकून लोकांना वाटतं शांतता समिती वगैरे असेल. याच माणसाकडे लग्न लागतं, स्पीडिंगचं तिकीट जातं, घर रिकामं करून घेतलं जातं, आणि जिथं सरकारी शवचिकित्सक नाही त्या काउंटीत मयताचा पंचनामाही तोच करतो. पदवीची अट त्यालाही नाही. पण त्याच्या कोर्टाच्या तारखेला गेला नाहीत तर निकाल तुमच्याविरुद्ध लागतो, आणि घर खाली करण्याच्या दाव्यात अपिलाला मिळतात फक्त पाच दिवस. तो निकाल पुढच्या प्रत्येक घरमालकाला दिसतो. हे कोर्ट ताबा कुणाचा एवढंच ठरवतं, मालकी ठरवायचा अधिकार त्याला नाही. हे वाचून ज्यांच्या गावाकडे बांधाची भांडणं झाली आहेत त्यांना १९०६ च्या कायद्यातलं मामलेदार कोर्ट आठवेल. अडवलेली वहिवाट मोकळी करून मिळते, सातबाऱ्यावरचं नाव तिथं बदलत नाही. वडील म्हणायचे, ताब्याचं कोर्ट वेगळं आणि मालकीचं वेगळं, पण आधी ताबा गेला की मालकी म्हातारपणी मिळते.

मृत्यूनंतरचे कागद हा आमच्या पिढीचा विषय. नव्वदच्या दशकात आलेले आता साठीसत्तरीत आहेत. एक बाई गावाकडून आणलेला, गोल शिक्क्याचा वारस दाखला घेऊन आल्या होत्या, फार जपून, कापडात गुंडाळून. इथल्या बँकेनं तो घेतला नाही म्हणून डिस्ट्रिक्ट कोर्टाचा शिक्का मारून द्या म्हणाल्या. त्यांना दुसऱ्या इमारतीत पाठवावं लागलं. मृत्युपत्राची कामं काउंटी क्लार्ककडे जातात. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनसारख्या मोठ्या काउंट्यांत त्यासाठी खास प्रोबेट कोर्टं आहेत, इतरत्र काउंटीचं नेहमीचं कोर्ट, आणि भाऊबंदकी पेटली तर प्रकरण डिस्ट्रिक्ट कोर्टाकडेही जाऊ शकतं. मृत्युपत्र असेल तर चार वर्षांच्या आत दाखल करायचं. नसेल, आणि राहतं घर सोडून मालमत्ता ७५,००० डॉलरच्या आत असेल, तर प्रतिज्ञापत्रावर काम भागू शकतं. पुण्यातल्या फ्लॅटला मात्र इथला कोणताही आदेश लागत नाही. जमीन जिथं, कोर्ट तिथलं. हे एक वाक्य तरी मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक गटात मोठ्यानं वाचून दाखवा.

आणि कुठल्या काउंटीत राहता ते तरी बघा हो! केटी म्हटलं की आपण केटीच म्हणतो, पण केटी हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तीन काउंट्यांत पसरलंय. फ्रिस्कोचा एक भाग कॉलिनमध्ये, एक डेंटनमध्ये. पत्त्यावर ह्यूस्टन लिहिलं असलं तरी घर फोर्ट बेंडमध्ये असू शकतं. घटस्फोटाचा अर्ज करायला टेक्सासात सहा महिने आणि त्या काउंटीत ९० दिवस राहिलेलं असावं लागतं. आयर्व्हिंगहून फ्रिस्कोला बहिणीकडे राहायला गेलेल्या बाईची काउंटी बदलते, आणि नव्या काउंटीत तिचे नव्वद दिवस पहिल्यापासून मोजले जातात. मालमत्ता कराचं बिल काढून बघा, काउंटीचं नाव तिथं छापलेलं असतं.

ज्युरीच्या समन्सबद्दल एवढंच: ती यादी मतदार नोंदणीबरोबरच ड्रायव्हिंग लायसन्सवरूनही होते, त्यामुळे ग्रीन कार्डवाल्यांना आणि एच-१ वाल्यांनाही समन्स येतं. तुम्ही नागरिक नसाल तर तशी खूण करून परत पाठवायचं. कौतुकानं जाऊन बसायचं नाही, आणि फेकूनही द्यायचं नाही. नागरिक असाल तर जा. पहिल्या दिवसाचे २० डॉलर मिळतात, पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५८, आणि कोर्ट आतून बघायला मिळतं ते वेगळं.

आता मागणं. दरवर्षी इमिग्रेशनच्या वकिलांचं भाषण ठेवता, ते ठेवाच. पण नव्यानं आलेल्यांना जी माहितीपुस्तिका देता त्यात किराणा दुकानं, पुरोहित आणि ढोलताशा पथकांच्या मागे अर्धं पान मोकळं असतं, मी पाहिलंय. त्या अर्ध्या पानावर तुमच्या काउंटीतल्या चार खिडक्या छापा: जस्टिस कोर्ट कुठल्या प्रीसिंक्टचं (म्हणजे काउंटीतल्या कुठल्या विभागाचं), काउंटी क्लार्क कुठे, डिस्ट्रिक्ट क्लार्क कुठे, लॉ लायब्ररी कुठल्या मजल्यावर. टेक्सास लॉ हेल्प या संकेतस्थळावर फुकट अर्ज मिळतात, ते नावही टाका. प्रत्येक काउंटीचं पान वेगळं हवं. डॅलसचं कॉलिनला चालणार नाही, कारण मर्यादा आणि खटल्यांची वाटणी बदलते. ग्रुपच्या अ‍ॅडमिननी कायद्याचा कुठलाही फॉरवर्ड आला की दोनच प्रश्न विचारावेत: कुठलं राज्य आणि कुठली काउंटी? उत्तर आलं नाही तर खोडून टाकावा. तो १२,५०० वाला आधी खोडा.

माझ्या काउंटीचं पान मी तयार केलं आहे, मराठीत, मोठ्या अक्षरात. आमच्या जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडून पत्ते तपासून घेतलेत, कारण एक खिडकी मध्यंतरी पहिल्या मजल्यावरून तिसऱ्यावर गेली. दिवाळीच्या कार्यक्रमात लकी ड्रॉच्या दोन फेऱ्यांमध्ये दहा मिनिटं दिलीत तर मी येते, प्रोजेक्टर लागत नाही. बाकीच्या काउंट्यांसाठी तिथं राहणारं कुणीतरी शोधा, शक्यतो कोर्टात कधीतरी रांगेत उभं राहिलेलं.

आपली,
एक निवृत्त डेप्युटी क्लार्क